कयाक बुडत नाही, पण ती तुम्हाला सोडून जाते

हवा भरायच्या कयाकबद्दलचा, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लहान होडीबद्दलचा, एक संदेश आधी आमच्या भटकंतीच्या ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या, आणि परवा सोसायटीच्याही. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हवा भरलेली वस्तू बुडत नाही, त्यामुळे पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेट लागत नाही. सकाळी समुद्र शांत असतो, तेव्हा बिनधास्त जावं. हवा टणक होईपर्यंत भरावी, हवं तर पेट्रोल पंपावर. पंक्चर झालीच तर सायकलवाल्याचं सोल्युशन लावावं. आणि शेवटी, प्लास्टिकच ते, धुवायची गरज नाही, घडी घालून माळ्यावर टाकावी. सुट्ट्या तोंडावर आहेत, पवना, मुळशी, तारकर्लीचे बेत ठरतायत, म्हणून हे लिहितो आहे. मी सहा वर्षं पीव्हीसीची अशीच कयाक वापरतो आणि मला ती फार आवडते. ती घेऊ नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. बहुतेक कयाकमध्ये हवेचे तीन कप्पे असतात: डावा, उजवा आणि तळाचा. एक फुटला तरी बाकीचे दोन तिला तरंगत ठेवतात. पण बाजूचा कप्पा बसला की ती त्या अंगाला कलते आणि आतला माणूस पाण्यात जातो. म्हणजे होडी तरंगते, माणूस नाही. त्यात ही होडी जेमतेम दहा-पंधरा किलोंची, पाण्यात जरा रुतलेली आणि पाण्यावर भरपूर उभी. वाऱ्याला आणखी काय हवं?

मागच्या मार्चमध्ये पवनेच्या जलाशयात दुपारी तीनच्या सुमारास फोटोसाठी मागे वळलो आणि पडलो. पाण्यावर डोकं काढून बघतो तर कयाक दहा-बारा हात लांब. मी बरा पोहतो. जोर लावून पोहलो, तरी अंतर वाढतच गेलं, कारण रिकामी कयाक पानासारखी वाऱ्यावर सरकत होती. शेवटी मी तिचा नाद सोडला आणि जॅकेटच्या आधारानं उताणा तरंगत, पाय मारत काठ गाठला. वीसेक मिनिटं लागली. ते जॅकेट नसतं तर मी कयाकच्या मागे दमेपर्यंत पोहत राहिलो असतो. पोहता येणाऱ्याचा घात असाच होतो.

तेव्हा जॅकेट अंगात घालायचं, बकल लावून. आसनामागे खोचलेलं जॅकेट कयाकबरोबर निघून जातं. साधं ५० न्यूटनचं जॅकेट पाण्यात सुमारे पाच किलोंचा उचल देतं आणि शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहायला तेवढं पुरतं. बेशुद्ध माणसाचा चेहरा ते वर वळवेलच असं नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नये. मुलांना त्यांच्या वजनाचं आणि मांड्यांमधून पट्टा असलेलंच द्या. हवा भरायची पोहण्याची रिंग हा त्याला पर्याय नव्हे. आणि पडल्यावर पुन्हा चढायचं कसं, हे काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात दोन-चार वेळा करून बघा. बाजूनं पोट टाकून, पायांनी पाणी ढकलत आडवं आत सरकायचं. सांगायला सोपं आहे, पहिल्यांदा जमत नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो: सकाळी समुद्र शांत असतो, म्हणून बिनधास्त जा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. रात्रीतून जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. किनाऱ्यावर उभं राहिलं की तो जाणवतच नाही, कारण माडांच्या आणि घरांच्या आडोशानं पाणी काचेसारखं दिसतं. शे-दोनशे मीटर आत गेल्यावर तो पाठीला लागतो, वल्हवणं सोपं वाटतं, आणि वळल्यावर कळतं की परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर आहे. दुपारचा खारा वारा दमवतो, लाटा उठवतो, पण निदान किनाऱ्याकडे ढकलतो.

त्यात ओहोटीची भर. कोकणातली जुनी माणसं तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मग अष्टमीच्या सकाळी सात वाजता खाडीच्या मुखाशी काय चालू असेल? ओहोटी बाहेर ओढतेय आणि मतलईही बाहेरच ढकलतोय. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती म्हणून ओढ जरा कमी असेल, एवढंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हीच ओढ कितीतरी जास्त असते. म्हणून खाडीत जायचं तर चढत्या पाण्याबरोबर आतल्या अंगाला जावं आणि ओहोटी लागल्यावर तिच्यासोबत परत यावं, मुखापासून लांब राहूनच. गुणाकार हा अंदाज आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि तिथल्या होडीवाल्याला विचारा. तो नको म्हणाला तर जाऊ नका. पावसाळ्यात प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा आपल्या फुग्याचं समुद्रात काही काम नाही. धरणांतूनही तेव्हा पाणी सोडतात, त्यामुळे खालची नदी बघता बघता चढते.

आता हवेचं. ‘टणक होईपर्यंत’ हे माप नव्हे. कयाकच्या बाजूच्या नळ्या बहुधा १ ते ३ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) असतात. ड्रॉप-स्टिच तळ, म्हणजे वरच्या-खालच्या थरांना हजारो दोऱ्यांनी जोडलेला, ६ ते १० किंवा त्याहूनही जास्त सोसतो. तुमचा आकडा व्हॉल्व्हजवळ किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. पेट्रोल पंपावरचं यंत्र गाडीच्या तिशीतल्या दाबासाठी आहे. कयाकच्या शिवणी क्षणात उसवतील. हातपंप आणि दाब मोजायचा गेज घ्या, गेजला फार पैसे पडत नाहीत.

उन्हाचा हिशेब तर प्रत्येकानं एकदा करून बघावा. पहाटे २५ अंशांत २ पीएसआय भरलेत. गेज दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. आतला खरा दाब वातावरणाचा १४.७ अधिक २, म्हणजे १६.७. दुपारी वाळूवर आतली हवा ५५ अंशांवर गेली, की तापमान २९८ केल्विनवरून ३२८ वर जातं आणि दाब १८.४ होतो. गेजवर ३.७, जवळजवळ दुप्पट! नळी थोडी ताणते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरेल, पण शिवण फाटायला तेवढं पुरतं. जेवायला थांबलात तर सावलीत ओढा, थोडी हवा सोडा. उलटही होतं: ४० अंशांत भरलेली कयाक २६ अंशांच्या पाण्यात टाकली की २ चे सव्वा होतात, ती मऊ पडते आणि लोक भोक शोधत बसतात. पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुन्हा हवा भरा.

सायकलचं सोल्युशन रबरी ट्यूबसाठी असतं. ते रबराशी एकजीव होतं, पीव्हीसीशी नाही. घरी चिकटल्यासारखं वाटतं आणि ऊन-दाब मिळाला की पॅच सालपटासारखा निघतो. झटपट चिकटणारा गोंद वाळून कडक होतो आणि घडीवर तडकतो. पीव्हीसीला पीव्हीसीचंच ठिगळ आणि त्यासाठीचा पॉलियुरेथेन गोंद लागतो. आधी साबणाचा फेस लावून गळती शोधा, आणि सुरुवात व्हॉल्व्हपासून करा. बरेचदा तिथे वाळूचा कण अडकलेला असतो नाहीतर तो सैल झालेला असतो. भोक सापडलं तर हवा पूर्ण सोडून जागा पुसून कोरडी करायची. ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर मोठं, कोपरे गोल कापलेलं. टोकदार कोपरा आधी सुटतो. दोन्हीकडे गोंदाचा पातळ हात, थोडं सुकू द्यायचं, पुन्हा हात, बोटाला जेमतेम चिकटेल इतपत झालं की बसवायचं आणि लाटण्यानं मधून कडेकडे दाबत हवा काढायची. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटता नको. मग २४ तास हात लावू नका. शिवणच उसवली असेल तर घरी खटपट न करता रबरी बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

खाडीत कालवं लागलेल्या खडकांपासून आणि तिवरांच्या टोकदार मुळांपासून लांब राहा. कालवांची धार नळी सरळ चिरते.

राहिलं धुणं आणि माळा. मीठ आणि वाळू घडीत राहिली की प्रत्येक वेळी घासतात, विशेषतः तळ आणि नळीच्या मधल्या फटीत. गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, फटीत फडकं फिरवा. ओल राहिली तर बुरशी धरते. तेल लावू नका. घडी सैल घाला आणि दर वेळी वेगळ्या जागी मोडा. माझ्या कयाकला पहिलं भोक पाण्यात पडलंच नाही. ते माळ्यावर, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, उंदरानं पाडलं. वर सांगितलेलं ठिगळ मी त्याच भोकावर लावायला शिकलो. ते अजून टिकून आहे, आणि कयाक आता पत्र्याच्या ट्रंकेत असते.