दोन अक्षरांत मावेल अशी मुलगी

मुलगी झाल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. तिचे नाक कोणावर गेले आहे आणि ती रात्री झोपते की नाही हे प्रश्न आता गौण आहेत. खरा प्रश्न असा आहे की दोन अक्षरांत बसणारे, आजवर कोणालाही न सुचलेले, अर्थाने अथांग आणि तरीही परदेशी माणसाच्या जिभेला न अडणारे नाव तिच्यासाठी कसे शोधायचे. या कामाला आपल्याला नऊ महिने मिळाले होते. ते आपण डॉक्टर आणि तपासण्या यांत घालवले, त्याला इलाज नाही.

पहिली अट अक्षरांची. तिसरे अक्षर आले की नाव आजीचे वाटू लागते आणि चौथे आले की पणजीचे. मंदाकिनी, सुलोचना, कुमुदिनी अशी नावे ठेवणाऱ्यांना वेळेची किंमत नव्हती, असे आपण खुशाल म्हणावे. (मंदाकिनीला आयुष्यभर कोणीही मंदाकिनी म्हटले नाही, तिची मंदा झाली आणि सुलोचनेची सुलू, ही गोष्ट मात्र कोणाला सांगू नये, नाव आपोआप आखूड होत असेल तर आपल्या कष्टांना अर्थ उरत नाही.) उलट इरा हे सुटसुटीत नाव ठेवल्यावर घरातली मंडळी तिला 'इरुटली' आणि 'इरूबाळ' म्हणू लागतील, तेव्हा त्यांना अक्षरे मोजून दाखवावीत.

दुसरी अट वेगळेपणाची, आणि ती पाळण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, हीच तिची सोय. शेवटी 'या' घ्यावा, आधी एक मऊसे अक्षर लावावे, की रिया, सिया, जिया, दिया, टिया आणि मिया अशा सहा अद्वितीय मुली तयार होतात. त्या एकाच वर्गात आल्या आणि बाईंनी मागच्या बाकाकडे पाहून हाक मारली, तर सहाही जणी वळून पाहतील. पण तो बाईंच्या उच्चाराचा दोष समजावा. अमेरिकेत 2014 ते 2018 अशी सलग पाच वर्षे मुलींच्या नावांत 'एमा' पहिल्या क्रमांकावर होते. छोटेसे, गोड आणि जरा वेगळे नाव म्हणून ते निवडणारे आईबाप तिथे किती असतील याची कल्पना करावी आणि आपण एकटे नाही, एवढा दिलासा घ्यावा.

आता अर्थाकडे वळू. अर्थ आधी आणि नाव नंतर, हा क्रम जुना झाला. आता आधी कानाला बरे वाटणारे नाव ठरवायचे आणि मग त्याला अर्थ मिळेपर्यंत भाषा बदलत राहायचे. संस्कृतात सापडला नाही तर फारसीत, तिथेही नाही तर ग्रीकमध्ये, आणि कुठेच नाही तर 'देवीचे एक नाव' असे सांगावे. कोणत्या देवीचे, हे विचारण्याइतका उद्धटपणा पाहुणे सहसा करत नाहीत. मात्र अर्थ एकदा मिळाला की शोध तिथेच थांबवावा, हे पथ्य कडकपणे पाळावे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'इरा' या शब्दाचे चार अर्थ दिले आहेत: पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी. शहाण्या बापाने दुसऱ्या अर्थानंतर कोश मिटावा. लॅटिनमध्ये इरा म्हणजे क्रोध आणि इंग्रजीत इरा हे पुरुषाचे नाव, ही माहिती तर मुलगी तेरा वर्षांची होईपर्यंत राखून ठेवावी. क्रोधाचा प्रत्यय तेव्हा आपोआप येईल. टिया हे नाव स्पॅनिश माणसाला ऐकवू नये, कारण त्याच्या भाषेत तो शब्द मावशीसाठी आणि आत्यासाठी वापरतात, आणि पाळण्यातल्या मुलीवर एवढी जबाबदारी टाकणे बरे नव्हे.

सर्वांत धोकादायक कोश मराठीचा. जगभर शोभून दिसणारे 'मिशा' हे नाव मराठी घरात आले की ओठावर उगवते, 'झारा' तळणाच्या कढईत उतरतो आणि 'सारा' शेतकऱ्याकडून वसूल केला जातो. आपल्याला यांपैकी एखादे नाव फारच आवडले असेल, तर मराठी समजणाऱ्या नातेवाइकांशी संबंध कमी करावेत. तो खर्च अंगावर येत नाही.

परंपरेचा आधार हवा असेल तर तोही उपलब्ध आहे, फक्त तो निवडून वाचावा लागतो. मुलीचे नाव सहज उच्चारता येणारे, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. हे वाक्य पाहुण्यांसमोर म्हणण्याजोगे आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी किंवा पक्षी यांचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असे म्हटले आहे, म्हणजे तारा, रेवा आणि मैना एका श्लोकात बाद. आणि घरगुती संस्कारांचे नियम सांगणारा पारस्कर गृह्यसूत्र हा प्राचीन ग्रंथ तर मुलीच्या नावातली अक्षरे विषम असावीत असे सांगून आपल्या साऱ्या दोन अक्षरी मोहिमेवरच पाणी ओततो. अशा वेळी परंपरा कालबाह्य झाली आहे, असे म्हणावे. दुसरा अध्याय वगळून.

एवढे करूनही तेच नाव शेजारी निघाले, तर रोमन लिपी मदतीला येते. एक जादा 'ए' आणि शेवटी न उच्चारायचा 'एच' घातला की जुने नाव नवे होते. पुढची सत्तर वर्षे ती प्रत्येक खिडकीपाशी उभी राहून 'डबल ए, आणि शेवटी एच' असे सांगत राहील आणि दर वेळी आपली आठवण काढील. कोणत्या शब्दांत, ते तिच्यावर सोडावे.

नाव ठरेपर्यंत ते कोणालाही सांगू नये, विशेषतः जिचे पुढच्या महिन्यात दिवस भरणार आहेत अशा नणंदेला. यादी कुलूपबंद ठेवावी, रोज रात्री चार नावे खोडावीत आणि पाच लिहावीत. या काळात मुलीला काहीतरी हाक मारावी लागते म्हणून घरातले लोक तिला छकुली म्हणू लागतात, आणि ती मान वळवून, हसून ओ देते. ही सवय वेळीच मोडावी. त्यात तीन अक्षरे आहेत.