पूल पूर्वीसारखाच बांधायचा का?

पुरात वाहून गेलेल्या गावपुलांचा विषय काल कट्ट्यावर निघाला आणि अण्णांनी पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकला, की पर्यावरणाच्या परवानग्या हटवल्याखेरीज एकही पूल वेळेत उभा राहणार नाही. अण्णांची हयात ठेकेदारीत गेली असल्याने परवानगी हा शब्द ऐकताच त्यांचा आवाज चढतो. "आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५०व्या कलमाने निविदेशिवाय खरेदी करता येते, मग तेवढ्याच तातडीने नदीत यंत्र का उतरवू नये?" असे त्यांनी मांडी थोपटून विचारले.

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले बापू शांतपणे म्हणाले, "अण्णा, आपला पूल नेमका कोणत्या परवानगीने अडला, तेवढे सांगा." अण्णांना सांगता येईना. तेव्हा बापूंनीच समजावले, की २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत, म्हणजे आधी पर्यावरण परवानगी लागणाऱ्या कामांच्या यादीत, महामार्ग आहेत, गावरस्त्यावरचा छोटा पूल त्या यादीत येतच नाही. अडते ते दुसरीकडे. जोडरस्ता सरकवून नवी वनजमीन घेतली, तर १९८०च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते; खाडीकाठी कांदळवन तोडावे लागले, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८च्या निकालामुळे न्यायालयाचीच परवानगी लागते; आणि रस्त्यांच्या भरावासाठी माती उचलायला पर्यावरण परवानगीतून २०२० साली दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये रद्द केली आहे.

"पण पलीकडच्या वाडीतल्या आजारी माणसाला डोलीत घालून ओढा ओलांडावा लागतो, त्याला हे निकाल वाचून दाखवायचे का?" असे सरांनी विचारले, आणि तो प्रश्न आम्हां सर्वांना लागला. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२)मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या रस्त्यासाठी देता येते, झाडांची मर्यादा हेक्टरी ७५ आहे, ही वाट गावांना कोणी वेळेवर दाखवत नाही, अशी सरांची खरी तक्रार होती.

अण्णांनी मग सावित्री नदीवरच्या पुलाचा दाखला काढला. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा पूल गेला आणि ५ जून २०१७ला नवा खुला झाला, म्हणजे मनात आणले तर होते. "होते ना," बापू म्हणाले, "पण तिथे जुन्याची नक्कल केली नाही. तुम्ही मात्र 'जसा होता तसा' या नावाखाली त्याच नळाच्या मोऱ्या पुन्हा टाकता." मग त्यांनी काठीने मातीत रेघा ओढून दाखवले: पुरात ओंडके आणि फांद्या येऊन नळांची तोंडे बुजतात, पाणी फुगते, बाजूने फिरते आणि जोडरस्त्याचा भराव कापत जाते, सकाळी पाहावे, तर पूल पात्रात जागच्या जागी उभा असतो आणि दोन्हीकडचा रस्ता गायब असतो. "पाण्याला वाट किती ठेवली, हा प्रश्न पर्यावरणवाल्यांचा म्हणून तुम्ही टाळता आणि नदी तोच प्रश्न पुढच्या पावसात विचारते."

मला बापूंचे म्हणणे पूर्णपणे पटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. तात्पुरत्या वाहतुकीसाठी भराव टाकायला पुरानंतर लगेच मुभा असावी, मात्र तो कोणत्या तारखेपर्यंत काढायचा हे त्याच कागदावर लिहिलेले असावे, कारण पावसाआधी न काढलेला भराव नदीला बांध बनून आडवा येतो. कायमच्या पुलाची छाननी मात्र पूल पडण्याची वाट न पाहता व्हायला हवी. तालुक्यातले कच्चे पूल आणि साकव कोणते, हे गावकऱ्यांना तोंडपाठ असते. त्यांची यादी करून पुलाच्या गाळ्यांची (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेची) रुंदी, वनजमीन आणि मातीची जागा उन्हाळ्यातच ठरवून ठेवली, तर संकटाच्या दिवसांत उरते ती एक सही.

एवढे ऐकूनही अण्णा "कागदात पूल बुडाला" हेच पालुपद आळवत राहिले, तेव्हा सरांनी जुनी खपली काढली. "अण्णा, तुम्ही बांधलेला साकव दुसऱ्या पावसात गेला, त्याला कोणती परवानगी आडवी आली होती?"

"एकही नाही," अण्णा छाती काढून म्हणाले, "म्हणून तर महिन्याभरात उभा केला."

"आणि रात्रीत गेला," बापू म्हणाले. कट्टा हसून लोटपोट झाला. हसणे ओसरल्यावर अण्णांनीच खिशातून कागद काढून बापूंपुढे धरला आणि म्हणाले, "घाला, यादीत पहिला माझाच साकव घाला."