सिंथेटिक टाका आणि विसरा? खडीच्या गाडीला हा सल्ला लावू नका

टिपरवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो महिन्याभरात तीनदा आला. सांगणं असं की कामाच्या गाडीत आणि जेसीबीत फुल सिंथेटिक ऑइलच टाका. ते लॅबमध्ये बनतं म्हणून शुद्ध असतं, दुप्पट तास चालतं, डिझेल दहा टक्के वाचवतं, काळं पडत नाही, आणि एकच ग्रेड (म्हणजे ऑइलची घट्टी) सगळ्या गाड्यांना चालते. परवा आमच्याकडच्या एका पोराने, नुकताच कर्ज काढून हायवा (मोठा टिपर) घेतलाय त्याने, मला विचारलं, "काका, टाकू का?" त्याचा हप्ता मला माहीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी पुण्याजवळच्या वाघोली-लोणीकंद पट्ट्यात खडी, मुरूम आणि क्रश सँड ओढतो. चार टिपर आणि एक बॅकहो (जेसीबी) आहे. सिंथेटिक वाईट नाही, माझ्याही एका गाडीत आहे. पण त्या मेसेजमधली एकेक गोष्ट तपासली तर बरीचशी आपल्या कामाला लागू पडत नाही.

लॅबमध्ये बनतं, हे आधी घेऊ. फुल सिंथेटिक लिहिलेल्या बऱ्याच डब्यांतलं मूळ तेल कच्च्या तेलापासूनच निघतं. त्यावर हायड्रोक्रॅकिंगची प्रक्रिया करून ते जास्त चोख केलेलं असतं. त्याला ग्रुप ३ म्हणतात. त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉलमध्ये वाद झाला होता आणि १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. खरोखर रसायनातून घडवलेलं पीएओ तेल ग्रुप ४ मध्ये येतं. दोन्ही चांगली आहेत: कमी उडतात, जास्त उष्णता सोसतात, टर्बोत कमी कोळसा धरतात. पण डब्याच्या पुढच्या बाजूचा शब्द बघून ऑइल घेऊ नका. मागची बारीक अक्षरं वाचा, एपीआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेली दर्जाची श्रेणी तिथे असते.

आता दुप्पट तास. सगळं नुकसान इथेच होतं.

इंजिन ऑइल तीन कारणांनी संपतं. उष्णतेने ते जळून घट्ट होतं, त्यातली आम्ल मारणारी रसायनं खर्च होतात, आणि बाहेरची घाण मिसळते: काजळी, न जळलेलं डिझेल, धूळ. सिंथेटिक पहिल्या कारणाशी उत्तम लढतं. दुसऱ्यात मूळ तेलापेक्षा त्यात घातलेली रसायनं किती आणि कोणती, यावर सगळं अवलंबून असतं. तिसऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही, आणि क्रशरवर गाडी मरते ती तिसऱ्याने. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका असते. त्याची पूड लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या, लोखंडाला घासते. काही मायक्रॉनचा कण ऑइल फिल्टरमधूनही निसटतो, आणि ऑइलचा थरही तेवढाच पातळ असतो.

हे मी दोन वर्षांपूर्वी पैसे मोजून शिकलो. एका दुकानदाराने सांगितलं, सिंथेटिक आहे, बिनधास्त हजार तास काढा. आधी मी पाचशेला बदलायचो. नऊशेच्या सुमारास ड्रायव्हर म्हणाला, गाडी चढाला दम खाते. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येत होता, रोज अर्धा लिटर ऑइल वरून टाकावं लागत होतं. मिस्त्रीने एअर क्लीनर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप काढला. क्लॅम्पखाली नखाएवढी चीर होती. पाइपच्या आतून बोट फिरवलं तर बोटाला मैद्यासारखी राखाडी पूड लागली. टर्बोच्या पात्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. हेड उघडलं तेव्हा लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग येऊन थांबते, नख अडेल एवढा ओठ तयार झाला होता. सहाही लायनर-पिस्टन बदलावे लागले.

मान्य आहे, पाचशेला ऑइल बदललं असतं म्हणून ती चीर बुजली नसती. पण गाडी मिस्त्रीसमोर उभी राहिली असती. त्याने क्लॅम्प हाताने हलवून बघितला असता. ऑइल बदलायचा दिवस हा गाडी खालून-वरून बघायचाही दिवस असतो. हजार तासांच्या भरवशावर मी तो एक दिवस घालवला.

त्यानंतर ऑइल काढताना मी सॅम्पल भरतो. इंजिन गरम असताना खालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट काढायचा, पहिली धार सोडायची आणि मधल्या धारेतून शंभर मिली स्वच्छ बाटलीत घ्यायचं. लॅबच्या कागदावर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड, बेस नंबर (आम्ल मारायची उरलेली ताकद) आणि डिझेलची भेसळ बघायची. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम बरोबरीने चढले तर धूळ आत जातेय. नुसतं सिलिकॉन चढलं तर नुकत्याच लावलेल्या गॅस्केट पेस्टचंही असू शकतं. हा कागद सलग दोन-तीनदा चांगला आला तर तास वाढवायचा विचार करा, तोही कंपनीच्या मॅन्युअलच्या मर्यादेत आणि थोडा थोडा. आणि कृपा करून एअर फिल्टरवर जवळून जोरात हवा मारू नका. कागद फाटतो, ते डोळ्यांना दिसतही नाही.

तासच का म्हणतोय? ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट नेणारी गाडी) हिंजवडीच्या साइटवर दोन तास उभा असतो, ड्रम इंजिनावरच फिरत असतो आणि किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर मोजणं चूकच आहे.

डिझेलचा हिशोब मांडूनच दाखवतो. पातळ ग्रेडमुळे हेवी गाडीत साधारण एक-दोन टक्के बचत धरता येते, दहा नाही. आणि ती पातळपणामुळे येते, सिंथेटिक या शब्दामुळे नाही. समजा टिपर महिन्याला हजार लिटर डिझेल खातो आणि अडीचशे तास चालतो. पाचशे तासांत दोन हजार लिटर झालं. एक टक्का म्हणजे २० लिटर, ९० रुपयांनी १,८०० रुपये. दोन टक्के धरले तर ३,६००. चेंबर २० लिटरचं, साधं ऑइल ३०० रुपये लिटर आणि सिंथेटिक ६०० धरलं, तर एका बदलाला ६,००० रुपये जास्त गेले. पाचशेलाच बदलणार असाल तर हे पैसे डिझेलमधून निघत नाहीत. हजार तास खरोखर काढता आले तरच ऑइलचा खर्च बरोबरीत येतो, वर एक फिल्टर, एक खाडा आणि डिझेल वाचतं. म्हणजे गणित फिरून पुन्हा धुळीवरच आलं. पुणे-बेंगळुरू डांबरी रस्त्यावर माल नेणाऱ्याला ते जमतं. क्रशरच्या फाटकातून दिवसात आठ वेळा आत-बाहेर करणाऱ्याला अवघड आहे.

काळं पडत नाही, हे तर उलटं आहे. डिझेल इंजिनात चांगलं ऑइल लवकर काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं, लायनरवर बसू देत नाही. रंगावरून ऑइल जोखू नका.

एकच ग्रेड सगळ्यांना, हा मात्र त्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. बीएस-६ (प्रदूषणाचा नवा निकष) गाडीच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात अडकलेली काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती साचत जाते. म्हणून त्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, उदाहरणार्थ एपीआय सीके-४. ही श्रेणी डिसेंबर २०१६ मध्ये आली. तिच्यासोबतच एफए-४ नावाची पातळ श्रेणीही आली, ती जुन्या इंजिनांसाठी नाही. दीडशे अंशाला सीके-४ ची घट्टी किमान ३.५ सेंटीपॉइज असावी लागते, एफए-४ ची ३.२ च्या वर जात नाही. कारसाठीचं पातळ ५डब्ल्यू-३० जुन्या टिपरात ओतलं तर बेअरिंगला जाड थर मिळणार नाही. थंडीत पटकन स्टार्ट होण्यासाठी ५डब्ल्यू हवं (डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ), असंही कोणी म्हणतं. १५डब्ल्यू ची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते. आपल्याकडे पहाटे आठ-दहा अंश म्हणजे कडाक्याची थंडी. बॅकहोचा गिअरबॉक्स, ॲक्सल आणि हायड्रॉलिक यांची ऑइलं तर वेगळीच असतात, त्यांचा या मेसेजशी संबंध नाही.

त्या पोराच्या गाडीचं मॅन्युअल आम्ही केबिनमध्ये बसून उघडलं. श्रेणी सीके-४, ग्रेडही छापलेली. बदलायच्या तक्त्यात त्याने वरची ओळ वाचली होती, ती महामार्गाची. खाली खाण आणि बांधकामाची ओळ होती, तिथला आकडा निम्म्याहून कमी. तो काही बोलला नाही. टूलबॉक्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खाली उतरून एअर क्लीनरच्या पाइपचा क्लॅम्प तपासायला लागला.