मासे पकडून करोडपती? त्या व्हिडिओचा जरा हिशोब करू

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आलाच असेल. चकचकीत स्टेज, दोन्ही हातांत दोन लठ्ठ मासे धरून उभा असलेला गोरा माणूस, वरून रंगीत कागदाचे तुकडे पडतायत आणि मागून मराठीत दणदणीत आवाज, की अमेरिकेत हा माणूस तीन दिवस मासे पकडतो आणि अडीच कोटी घेऊन घरी जातो, डिग्री नाही, बॉस नाही, फक्त एक गळ, आणि आपण इथे पोरांना इंजिनिअर करत बसलोय. भाच्याने मला पाठवून विचारलं, मामा तू तिकडेच असतोस ना, खरंय का हे? मी टेक्सासमध्ये असतो, सुट्टीच्या दिवशी क्लबच्या छोट्या स्पर्धांना दुसऱ्याच्या बोटीत मागच्या बाजूला उभा राहून गळ टाकतो, प्रो वगैरे अजिबात नाही. पण या खेळातला पैसा येतो कुठून आणि जातो कुठे हे खोदत बसायचा नाद आहे, म्हणून व्हिडिओतला एकेक दावा घेतो.

"तीन दिवसांत अडीच कोटी"

आकडा खरा आहे, तो नाकारायचा नाही. ही स्पर्धा म्हणजे बासमास्टर क्लासिक. बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा, रोज पाच माशांचं वजन मोजायचं, तीन दिवसांची बेरीज ज्याची जास्त तो जिंकला. पहिलं बक्षीस ३ लाख डॉलर. फक्त ते वर्षातून एकदा एकाच माणसाला मिळतं, दुसऱ्या नंबरला थेट ५० हजारांच्या आसपास, आणि तिथे उभं राहायला मिळतं ते पन्नासेक जणांनाच, तेही आधीचं आख्खं वर्ष बाकीच्या स्पर्धांमध्ये झिजून.

आणि व्हिडिओवाल्याने एक गंमत सांगितलीच नाही. २००६ ते २०१३ याच क्लासिकचं पहिलं बक्षीस ५ लाख डॉलर होतं, २०१४ पासून ते ३ लाखांवर आलं, म्हणजे महागाई सोडाच, नुसता आकडाच खाली गेला. दुसरी मोठी स्पर्धा होती फॉरेस्ट वुड कप, तिथे २००७ मध्ये स्कॉट सग्जला चक्क १० लाख डॉलर मिळाले, बास फिशिंगमधला पहिला दहा-लाखी चेक. तो पैसा बोट बनवणाऱ्या धंद्यातून येत होता, स्पर्धेचे मालक अर्विन जेकब्स हेच जेनमार या बोट कंपनीचेही मालक. २००८ ची मंदी आली, लोकांनी बोटी घेणं बंद केलं, २००९ मध्ये जेनमारने दिवाळखोरी जाहीर केली. कपचं बक्षीस पुढे घसरत ३ लाखांवर आलं आणि २०१९ नंतर तो कपच राहिला नाही. क्रिकेटसारखे टीव्ही हक्क इथे नाहीत, बोटी, इंजिनं आणि गळ विकणाऱ्यांचा धंदा कसा चाललाय त्यावर बक्षिसं फुगतात नि आटतात.

"बक्षीस मोठमोठ्या कंपन्या देतात, खेळाडूचं काही जात नाही"

सगळ्यात चुकीचा दावा हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

या खेळाचा पायाच एन्ट्री फीवर आहे. १९६७ मध्ये रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली. १०६ जण आले, प्रत्येकाने १०० डॉलर भरले, जिंकणाऱ्याला २,००० डॉलर. म्हणजे खेळणाऱ्यांनीच वर्गणी काढली आणि त्यातलाच काही भाग एकाने उचलून नेला, भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो तरी, इथे तसं काही नाही.

पुढे कंपन्यांचा पैसा आला हे खरंय, पण फी गेली नाही, वाढली. बासमास्टर म्हणजे क्लासिक भरवणारी संस्था, तिची सगळ्यात वरची पातळी म्हणजे एलिट सिरीज. २०१८ च्या सुमाराला तिथे सीझनची फी ४० हजार डॉलरच्या वर होती आणि खेळणारे होते ११० च्या आसपास. गुणाकार करा, ४४ लाख डॉलरच्या वर रक्कम खेळाडूंच्याच खिशातून जमा. आठ स्पर्धा, प्रत्येकीत पहिला नंबर १ लाख डॉलर, आणि पहिल्या पन्नासात येऊन कसाबसा कट केला तर १० हजार. म्हणजे आठपैकी चारदा कट केलात तर जवळपास फीपुरते पैसे निघाले, पेट्रोल, हॉटेल, जेवण, बोट काहीच नाही, फक्त फी. आणि जगातले सगळ्यात भारी शंभर-एक लोक समोर असताना दर दुसऱ्या स्पर्धेत पहिल्या पन्नासात येणं म्हणजे तिथे "चांगलं वर्ष" समजतात.

२०१९ ला मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेने ८० जणांची बास प्रो टूर सुरू केली आणि सुरुवातीला फीच घेतली नाही, तेव्हा केवढी खळबळ उडाली! बासमास्टरची निम्म्याहून जास्त मोठी नावं तिकडे गेली. आता विचार करा, लोक बक्षीस मोठं म्हणून नाही तर फी नाही म्हणून वर्षानुवर्षांचं घर सोडून जातात, यावरून फी किती टोचत असेल ते कळतं.

हे झालं वरच्या पातळीचं. तिथे पोचायला आधी ओपन्स नावाच्या खालच्या पातळीच्या स्पर्धा खेळायच्या. तिथली फी स्पर्धेमागे दीड-दोन हजार डॉलर, २०२३ मध्ये तर एलिटमध्ये जायचं असेल तर नऊच्या नऊ ओपन्स खेळा असा नियम होता आणि त्यातून फक्त पहिले नऊ जण वर गेले. दहावा आला त्याने पण तेवढेच पैसे भरले होते.

"फक्त एक गळ लागतो"

हे ऐकून मला खरंच हसू आलं. कोकणात काकाबरोबर खाडीवर गरवायला जायचो तेव्हा बांबू, दोरी, गरी आणि कोळंबीचा तुकडा एवढ्यात काम व्हायचं. इथे वीस-एकवीस फुटी फायबरग्लासची बोट, मागे २५० हॉर्सपॉवरचं इंजिन, नवी घ्यायला गेलं तर ८० हजार ते १ लाख डॉलर आणि वर कितीही. ती ओढायला तगडा ट्रक, तो ५०-६० हजारांच्या खाली येत नाही. मग स्क्रीन्स. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं, पाण्याखाली समोरचा मासा हलताना दिसतो असा सोनार, आणि त्यानंतर सगळा खेळच बदलला. आता बोटीच्या पुढच्या भागात टीव्हीच्या दुकानासारख्या स्क्रीन्स लावलेल्या असतात, त्या चालवायला लिथियम बॅटऱ्या, हे सगळं मिळून सहज दहा-पंधरा हजार डॉलर. आयोजकांनी आता त्यावर मर्यादा घातल्यात, बास प्रो टूरने २०२५ मध्ये दिवसाच्या तीन भागांपैकी एकाच भागात तो सोनार वापरायचा असं केलं, पण त्या एका भागासाठी का होईना, विकत तर घ्यावाच लागला ना.

आणि खर्च स्पर्धेच्या चार दिवसांचा नसतो. आधी तीनेक दिवस सरावाचे, त्याआधी प्रवास, एक स्पर्धा फ्लोरिडात तर पुढची न्यूयॉर्कच्या वरच्या टोकाला सेंट लॉरेन्स नदीवर. बोट ओढताना ट्रक गॅलनला जेमतेम दहा मैल देतो, बोटीचं इंजिन फुल्ल सोडलं की तासाला वीस गॅलन पितं. त्यामुळे बरेच जण चार-पाच जणांत घर भाड्याने घेतात, कुणी ट्रकवर कॅम्पर टाकून राहतो. ताकाहिरो ओमोरी १९९२ मध्ये जपानहून आला, इंग्रजी धड येत नव्हतं, कित्येक वर्षं गाडीत झोपून स्पर्धा खेळला आणि २००४ मध्ये क्लासिक जिंकला. व्हिडिओत असली गोष्ट "बघा जिद्द" म्हणून दाखवतात. जिद्द आहेच, पण मधली बारा वर्षं दाखवत नाहीत, आणि जे बारा वर्षं गाडीत झोपून काहीच न जिंकता घरी गेले त्यांचा तर व्हिडिओच होत नाही.

"टॉपचे खेळाडू क्रिकेटर्ससारखे श्रीमंत"

या खेळाचा सचिन म्हणा हवं तर, केविन व्हॅनडॅम. चार क्लासिक, सात वेळा अँगलर ऑफ द इयर (अँगलर म्हणजे गळाने मासे पकडणारा), बासमास्टरच्या २५ स्पर्धा जिंकल्या. तीसेक वर्षांत बासमास्टरमधून बक्षिसं किती? ६० लाख डॉलरच्या वर. ऐकायला छान वाटतं, पण वर्षाला भागा, साधारण २ लाख डॉलर, तेही फी, पेट्रोल, टॅक्स काहीच वजा न करता, आणि हा आजवरचा सगळ्यात यशस्वी माणूस. गोल्फमध्ये स्कॉटी शेफलरने २०२४ च्या एका सीझनमध्ये २ कोटी ९० लाख डॉलरच्या वर बक्षीस घेतलं, बोनस वेगळाच. व्हॅनडॅम श्रीमंत आहे, नक्कीच आहे, पण तो नावावर विकल्या जाणाऱ्या गळ-आमिषांमुळे नि जाहिरातींमुळे. आता शंभराव्या नंबरवाल्याची कल्पना करा.

"स्पॉन्सर सगळं फुकट देतात"

काहींना देतात, मोजक्यांना. बहुतेकांना मिळतं ते डिस्काउंट. बोट कंपनी कमी किमतीत बोट देते, ती तुम्ही कर्ज काढून घ्यायची, वर्षभर वापरायची, सीझन संपला की विकायची आणि पुढच्या वर्षी परत नवी. भाव पडला की तोटा तुमचा. "प्रो स्टाफ" असा शब्द शर्टावर बघून हुरळू नका, त्याचा अर्थ कित्येकदा ३०-४० टक्के सूट आणि बदल्यात इन्स्टावर फोटो टाकायचे, दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलायचं, बोट शोला आठवडाभर हसत राहायचं एवढाच असतो. टोयोटा कंपनी खेळाडूंना बोनस देते, पण त्यासाठी टोयोटाचा ट्रक आधी तुमच्या नावावर पाहिजे. म्हणजे पैसे मिळवायला आधी गिऱ्हाईक व्हा.

बॉस नाही म्हणतात. दहा स्पॉन्सर म्हणजे दहा बॉस, आणि दोन सीझन खराब गेले की दहाही फोन उचलत नाहीत.

हल्ली यूट्यूबमुळे काही जणांचं बरं चाललंय, हे मान्य करायला हवं, पण मग तो व्हिडिओ बनवायचा धंदा झाला, शूटिंग, एडिटिंग, रोजचा कंटेंट, मासे हा त्यातला विषय.

"मासे विकून वरकमाई"

नाही हो. मासे जिवंत ठेवून वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचे. एक मासा मेला तरी बासमास्टरमध्ये चार औंस वजन कापतात. रस्सा पण नाही, काही नाही.

"डिग्री लागत नाही"

लागत नाही हे खरं. पण रिक क्लन बघा, चार क्लासिक जिंकलेला माणूस, २०१९ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी एलिट स्पर्धा जिंकला, तो आधी एक्सॉनमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रामर होता. जॉर्डन ली, २०१७ आणि २०१८ ला लागोपाठ क्लासिक जिंकला, तो ऑबर्न युनिव्हर्सिटीच्या टीममधून वर आला, म्हणजे व्हिडिओतल्या "शिक्षणाचा काय उपयोग"चा पोपट तिथेच होतो. कॉलेज फिशिंग हा आता वर जायचा नेहमीचा रस्ता झालाय, आणि तिथेही बऱ्याच पोरांच्या मागे बोटीचे हप्ते भरणारे आईबाप असतात.

टॅक्सबद्दल व्हिडिओत अवाक्षर नाही. इथे प्रो अँगलर म्हणजे स्वतःचा धंदा असलेला माणूस, नफ्यावर इन्कम टॅक्स आणि वरून १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स. हेल्थ इन्शुरन्स स्वतःचा. बरेच जण बायकोच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर असतात, ते उघडपणे सांगतातही, स्टेजवरून बायकोचे आभार मानतात त्यात प्रेमाबरोबर हेही आलं.

आणि सोपा पैसा म्हणाल तर २०२२ ची लेक इरीवरची भानगड आठवा. क्लीव्हलँडला दोघांनी वॉलाय माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले, आयोजकाने सगळ्यांसमोर मासे चिरले, व्हिडिओ जगभर फिरला. बक्षीस होतं २८,७६० डॉलर, दोघांत वाटून घ्यायचं. म्हणजे साधारण एका मोठ्या आउटबोर्ड इंजिनाची किंमत. त्यासाठी दहा दिवस तुरुंग आणि बोट जप्त.

"आपल्या मुलांनीही हे करावं"

भारतात बास नाही आणि असली टूरही नाही. पवईला अँगलिंग असोसिएशन आहे, गळाने मासेमारीचा शौक मुंबईत जुना आहे, पण शौक म्हणूनच. आणि अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांसाठी एक वेगळीच अडचण, जी व्हिडिओवाल्याला माहीतच नसणार. एच-वन-बी वर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढलाय तिच्यासाठीच काम करता येतं. बोट कंपनीकडून पैसे घेऊन तिची जाहिरात करणं हे त्यात बसत नाही, आणि बक्षिसाच्या पैशाचं काय ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एन्ट्री फॉर्म भरू नका. भाच्याला तेच कळवलंय, की पुढच्या वर्षी इकडे आलास तर क्लबच्या स्पर्धेला नेतो, फी मी भरीन, लायसन्सही काढून देईन, बक्षीस लागलंच तर ते फार तर आपल्या दोघांच्या पेट्रोलपुरतं असेल.