रंध्याखालचा उजेड

हजार-दीड हजारात मिळणारा लोखंडी रंधा चांगला की वाईट हे दुकानात कळत नाही, आणि घरी नेऊन कळलं तर दुकानदार परत घेत नाही. या कात्रीत माझा सगळा मे महिना गेला.

खरं तर या रंध्यात नवीन असं काहीच नाही. लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन कारागिराने हा नमुना बसवला, १८६९ साली स्टॅनली कंपनीने त्याची पेटंटं घेतली आणि तेव्हापासून जगभरचे कारखाने त्याचीच नक्कल काढत आलेत. रंध्याचे आकार नंबरांनी ओळखतात: चार नंबर म्हणजे २ इंची पातं, पाच नंबर म्हणजे साधारण १४ इंच लांबी, पातं ४५ अंशांत तिरकं. नक्कल दिसायला हुबेहूब असते. काटकसर केलेली असते ती झाकल्या जागी: तळाच्या सपाटीत, पात्याच्या पाठीत आणि आतल्या निळ्या रंगाखाली.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी पिशवीतून गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, काढला, तेव्हाच दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली.

"सर, हे काय करायलाव?"

"तळ बघतोय."

"तळ आहे की. बिनातळाचा माल ठेवतच नाही आपण."

गुण्याची पट्टी तळावर उभी धरायची, रंधा डोळ्यांसमोर उचलायचा आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते बघायचं. दिसला की तिथे खळगा. पण त्यासाठी पलीकडे उजेड लागतो, आणि लाईट नेमकी त्याच वेळी गेली. मग रंधा घेऊन बाहेर आलो. दुपारचं ऊन, एक डोळा मिटलेला, दोन्ही हात वर. पहिल्या मिनिटाला एक आजोबा थांबले. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गिराण हाय का काय आज?"

आजोबा थांबले म्हणून रिक्षावाला थांबला, रिक्षावाला थांबला म्हणून बाकीचे. आता गर्दी जमलीच आहे तर निदान समजावून तरी सांगावं, म्हणून मी सांगितलं: पुढचं टोक, पातं बाहेर येतं त्या तोंडापुढची पट्टी आणि मागचं टोक, ही तिन्ही एका पातळीत पाहिजेत. इतर कुठे थोडं खोल असलं तरी चालतं. तोंडापाशीच खळगा असला तर मात्र पातं लाकडाला टेकत नाही, आणि टेकावं म्हणून बाहेर काढलं तर ते ढलपी काढायचं सोडून लचका तोडतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रिक्षावाल्याने रंधा हातात घेतला, बराच वेळ डोळा लावला आणि जाहीर केलं, "खळगा बिळगा काही नाही ओ सर. मला तर समोरचं रसवंतीगृह दिसायलंय." पातं मी आधीच काढून ठेवलेलं होतं. गडी तोंडातून बघत होता.

आत येऊन बाकीचं उरकलं. पातं कमी-जास्त करायची पितळी चक्री अर्धा फेरा रिकामी फिरली तर ठीक. तीन-तीन फेरे नुसतीच फिरत राहिली तर खाली ठेवायचा. पात्याला चिकटून दुसरं एक लोखंडी पान बसतं, त्या दोघांत फट नको, नाहीतर ढलपी तिथेच अडकून बसते. दुकानदाराची परीक्षा याहून सोपी होती. "वजन बघा, वजन! लाईफटाईम जाईल." वजनावरच घ्यायचं तर मी शेजारच्या अडतीवरून गुळाची ढेप नसती का उचलली?

शेवटी आमच्या गल्लीतल्या सुतारमामांना बोलावून घेतलं. त्यांनी उजेड बघितला नाही, वजन बघितलं नाही. रंधा उलटा केला, तळावरून तळहात फिरवला, धारेवर अंगठ्याचं नख आडवं घासलं आणि म्हणाले, "ह्याच्यात रंधा हाय. पण काढावा लागंल." दुकानदाराला ही शिफारस वाटली. त्याने लगेच बिल फाडलं.

रंध्यातून रंधा काढायचा म्हणजे काय, तर टीपॉयची काच काढायची, तिच्यावर सँडपेपर चिकटवायचा, तळावर मार्करने रेघा ओढायच्या आणि घासत सुटायचं. पातं जागेवर घट्ट बसवून पण आत ओढून घ्यायचं, कारण ते आवळलं की बिडाच्या अंगालाही किंचित बाक येतो. दोन्ही टोकांच्या रेघा लगेच पुसल्या गेल्या. मधली, तोंडापुढची रेघ जागची हलेना. बायको येता-जाता बघत होती. "अहो, देवघरासाठी एक पाटच करायचाय ना? एवढ्यात सागवानी पलंग विकत आला असता."

धार लावायला पाण्याचा दगड चांगला असं जाणकार सांगतात. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या गावात एका २ इंची पात्यासाठी दगड बादलीत भिजत ठेवायचा? आईने एकदाच बादलीकडे आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. मी गुपचूप तेलाचा दगड आणला. पात्याची पाठ आरशासारखी केली, २५ अंशांत धार लावली, आणि सागाच्या फळीवरून अखेर सलग, कागदाहून पातळ अशी ढलपी निघाली. तिच्यातून वर्तमानपत्राचं शीर्षक वाचता येत होतं. मी वाचून दाखवलं. कुणी ऐकलं नाही.

पाट झाला. पण रंध्याची खरी कीर्ती झाली ती श्रावणात, पावसाने गल्लीतली दारं फुगली तेव्हा. सुतारमामांकडे आता विजेचा रंधा आहे आणि ते एका दारासाठी येत नाहीत, त्यामुळे लोक माझ्याकडे यायला लागले. शेजारचे अण्णा सकाळी घेऊन गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"सर, माल एक नंबर घेतलाव तुम्ही," ते म्हणाले. "दाराच्या कडेला एक जुना खिळा होता, मला दिसलाच नाही. तुमच्या रंध्यानं तोबी कापला बघा."