प्रोस्टेटचा कॅन्सर पडद्याआड कोंडलेला नसतो

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा : प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) गाठ पातळ पडद्यात बंद असते, तपासणीसाठी तुकडा काढणाऱ्या बायोप्सीच्या सुईने तो पडदा फाटतो आणि कॅन्सर अंगभर पसरतो. म्हणून पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात तपासलं जाणारं प्रथिन) वाढला तरी सुई टोचून घेऊ नका, पडदा मजबूत राहावा म्हणून कोलॅजन पावडर घ्या. यातला पडदा तेवढा खरा आहे.

पण तो गाठीभोवतीची पिशवी नव्हे. बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे आधारपटल, प्रोस्टेटमधल्या प्रत्येक बारीक ग्रंथिकेभोवती असतं. त्याची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, केसाच्या कित्येक शे पटींनी कमी. निरोगी ग्रंथिकेत सर्वांत आत स्राव तयार करणाऱ्या पेशी, त्यांच्याखाली बेसल पेशींचा थर आणि मग हे पटल. चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि लॅमिनिन ही त्याची मुख्य प्रथिनं. बेसल पेशी अल्फा-६-बीटा-४ या इंटेग्रिनने, म्हणजे पेशीला पटलाशी जोडणाऱ्या प्रथिनाने, लॅमिनिन-३३२ या लॅमिनिनच्या प्रकाराला घट्ट धरून असतात, तर सातव्या प्रकारचं कोलॅजन पटलाला खालच्या ऊतीशी बांधून ठेवतं.

कॅन्सरमध्ये हीच बांधणी सुटते. बेसल पेशी नाहीशा होतात. त्यांच्याबरोबर बीटा-४, लॅमिनिन-३३२ आणि सातवं कोलॅजनही बहुतेक ठिकाणी दिसेनासं होतं. हे सगळं सुई आत जाण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं. किंबहुना निदानाचा एक मोठा आधारच हा आहे : शंका असेल तिथे पॅथॉलॉजिस्ट पी-६३सारख्या, बेसल पेशी रंगवून दाखवणाऱ्या रंजकचाचण्या करून बेसल पेशी शिल्लक आहेत का ते बघतात.

मजकूर लिहिणाऱ्याला सर्वांत अडचणीची ठरेल अशी गोष्ट पुढे आहे. आसपासच्या ऊतीत घुसलेल्या कॅन्सरच्या ग्रंथिकांभोवतीही अनेकदा लॅमिनिन आणि चौथं कोलॅजन सापडतं. या पेशी पटलाची प्रथिनं स्वतः तयार करतात आणि अल्फा-६-बीटा-१ या दुसऱ्या इंटेग्रिनने त्यांना धरून पुढे सरकतात. म्हणजे पटल दिसतं आहे आणि कॅन्सरही पसरतो आहे, असं एकाच वेळी असू शकतं. ‘पडदा शाबूत तोवर धोका नाही’ हे गणित इथेच कोसळतं.

सुईने पेशी कधीच सांडत नाहीत का? सांडू शकतात. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण प्रोस्टेटच्या बायोप्सीत हे प्रमाण एक टक्क्याहूनही खूप कमी आहे. जिथे हा धोका खरोखर मोठा वाटतो, तिथे डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. वृषणाच्या कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोशातून सहसा बायोप्सी करत नाहीत.

आता ब्रिटनमधली ‘प्रोटेक्ट’ ही उपचारांची तुलना करणारी वैद्यकीय चाचणी बघा. तिच्यातल्या १,६४३ पुरुषांचं निदान बायोप्सीनेच झालं होतं. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना रेडिएशन दिलं, तर काहींना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. २०२३मध्ये सुमारे १५ वर्षांचे निकाल आले, तेव्हा प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले जेमतेम ३ टक्के होते, आणि तिन्ही गटांत हे प्रमाण जवळपास सारखंच होतं. बहुतेकांचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यातला होता हे खरं; पण सुई लागली की कॅन्सर अंगभर, असं असतं तर देखरेखीच्या गटाची कहाणी फार वेगळी झाली असती.

कोलॅजन पावडरबद्दल थोडक्यात. ती बहुधा गुरांच्या किंवा माशांच्या कातडीतल्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची असते, आणि पोटात गेल्यावर पचून तिचे तुकडे होतात. ते प्रोस्टेटमध्ये जाऊन चौथ्या प्रकारचं पटल विणतील, याला काहीही आधार नाही. विकणाऱ्याचा फायदा मात्र नक्की होतो.

बायोप्सीचे खरे धोके मजकुरात येतच नाहीत. लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त येणं, लघवी अडणं, आणि गुदाशयातून सुई घातल्यास जंतुसंसर्ग, क्वचित रक्तापर्यंत पोहोचणारा. अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागातून, म्हणजे पेरिनियममधून, सुई घातली तर हा संसर्ग कमी होतो. आधी एमआरआय केल्यास काहींची बायोप्सी टळूही शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे : एमआरआय झाला का, सुई कुठून घालणार, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं.