कार्ड वसूल

मुलगी मँचेस्टरला असते. जावईबापूंनी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या एका संस्थेचं वर्षाचं सदस्यत्व घेतलंय. एकदा पैसे भरले की प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. हिशेबी माणसाच्या हाती असलं कार्ड पडलं की पाहुण्यांची धडगत नसते. लंडन राहिलं बाजूला, आम्ही भर पावसात गिरणी बघायला निघालो. आमच्या ह्यांची गिरणी १९८२च्या संपात सुटली ती कायमची. लालबागच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर, उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला साता समुद्रापलीकडे नेऊन दाखवायचं काय, तर साचे!

मँचेस्टरजवळच्या स्टायल गावची ही क्वारी बँक गिरणी सॅम्युअल ग्रेगने १७८४ साली नदीकाठी काढली. पाण्याच्या चाकावर चालायची. कामाला आणलेल्या अनाथ पोरांना जिथे ठेवायचे, त्या घरापुढे लोक आता हसत फोटो काढतात. बाग मात्र अशी देखणी की मेला राग फार वेळ टिकत नाही.

आत एका आजोबांनी साचा सुरू केला. सगळे कानांवर हात ठेवून मागे सरले, हे पुढे. “एकच?” म्हणाले. मग दोरीवरून वाकून खूण केली: ताण्याचा धागा तुटलाय. आजोबांनी साचा थांबवून पाहिलं, तर खरंच! लँकशायरचे विणकरही खडखडाटात ओठ हलवून आणि हातवारे करून बोलत; ‘मी-मॉइंग’ म्हणायचे त्याला. ह्यांना इंग्रजी येत नाही, आजोबांना मराठी. तरी साचा पुन्हा सुरू झाल्यावर दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की पुढची रांग खोळंबली. काय बोलत होता विचारलं, तर म्हणाले, “बोनसचं.” घरीही चहा हवा असला की हे नुसते ओठ हलवतात आणि बायकोला ऐकू येत नाही म्हणून गावभर सांगतात.

बाहेरची वाट दुकानातून. भांडी पुसायच्या फडक्याची किंमत मनात रुपयांत केली आणि फडकं घडीसकट जागेवर ठेवलं.

परतताना ह्यांनी सॉल्टेअरचा विषय काढला. टायटस सॉल्टची १८५३ची गिरणी, भोवती कामगारांसाठी वसवलेलं अख्खं गाव, २००१पासून जागतिक वारसा. आमच्याकडे धुराडी पाडून टॉवर झाले, वॉचमन गेटवरच अडवतो. तिथे म्हणे गिरणीत शिरायलाही पैसे पडत नाहीत.

जावईबापूंचा चेहरा उतरला. “सगळ्यांनाच फुकट? मग कार्ड कसं वसूल होणार?”